मार्जारानुकरण

मांजराची चाल, बसण्या-उठण्याची ढब, आवाज, नजर आणि सवयी माणसाने जाणूनबुजून उचलणे आणि स्वतःच्या शरीराने किंवा एखाद्या साधनाने मांजराचा आभास निर्माण करणे, याला मार्जारानुकरण म्हणता येईल. मुलांचा खेळ, अभिनयाचे शिक्षण, नृत्य, संगीत, व्यायाम आणि थेट अंतराळवीरांसाठीचे संशोधन अशा एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या क्षेत्रांत हे अनुकरण आढळते. मांजरासारखे भासणे आणि मांजराची नक्कल करणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झेरोम लज्यून या फ्रेंच वैद्यकाने 1963 मध्ये वर्णिलेल्या ‘क्री द्यु शा’ या जनुकीय विकारात अर्भकाचे रडणे मांजराच्या पिल्लासारखे ऐकू येते. त्याचे कारण पाचव्या गुणसूत्राचा तुटलेला अंश आणि त्यामुळे स्वरयंत्राची अपुरी राहिलेली वाढ हे असते. अनुकरणाला हेतू लागतो, आणि तो येथे नसल्यामुळे अशा गोष्टी या नोंदीच्या कक्षेबाहेर राहतात.

अनुकरणाची पहिली अडचण हाडांची आहे. मांजर बोटांवर चालते, त्याची टाच जमिनीला टेकत नाही, आणि मागच्या पायात उलटा वळलेला गुडघा म्हणून जो सांधा दिसतो तो खरे तर घोटा असतो. त्याच्या गळ्याजवळचे हाड म्हणजे जत्रुक अगदी लहान असून ते खांद्याच्या सांगाड्याला घट्ट जोडलेले नसते, स्नायूंत नुसते अडकलेले असते. त्यामुळे चालताना दोन्ही खांद्यांची पाती पाठीच्या वर आळीपाळीने उचलली जातात आणि अंग अरुंद फटीतूनही निघून जाते. कमरेच्या भागात मांजराला सात मणके असतात, तर माणसाला पाच. माणूस हातापायांवर उभा राहिला की त्याचे लांब पाय कंबर खांद्यांच्या वर ढकलतात आणि डोके खाली लोंबते. गुडघे टेकले तर पाठ आडवी होते, पण पावले मागे निरुपयोगी फरफटत येतात. मांजराचे सोंग घेणाऱ्या प्रत्येकाला या दोन गैरसोयींपैकी एक पत्करावी लागते, आणि अनुभवी नट बहुधा तिसरा मार्ग काढतो. तो दोन पायांवरच राहतो आणि मांजरपण खांदे, मान व नजर यांत आणतो.

चालीचा क्रमही फसवा आहे. सावकाश चालणारे मांजर मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा असे पाय टाकते, आणि मागचा पंजा पुढच्याने नुकत्याच सोडलेल्या जागेवर जवळजवळ नेमका पडतो. पाचोळ्यातूनही ते आवाज न करता जाते, कारण जेथे आवाज झाला नाही ती जागा पुढच्या पंजाने आधीच तपासलेली असते. रांगणारा माणूस मात्र स्वभावतः उजवा हात आणि डावा गुडघा असे तिरपे अवयव एकत्र हलवतो. नवशिक्याची नक्कल बहुधा येथेच उघडी पडते. पाहणाऱ्याला चूक नेमकी सांगता येत नाही, तरी समोर दिसते ते रांगते मूल, मांजर नव्हे, एवढे त्याला कळते.

आवाजाच्या नकलेत एक गंमत दडलेली आहे. पिल्ले आईला बोलावण्यासाठी ओरडतात, पण मोठी झालेली मांजरे एकमेकांशी बोलताना म्याव क्वचितच करतात. ते ओरडणे मुख्यतः माणसाला उद्देशून असते. म्हणजे माणूस मांजरापुढे म्याव करतो, तेव्हा तो मांजरांची आपापसातील भाषा बोलत नसतो, मांजराने माणसासाठी राखून ठेवलेली भाषा त्यालाच परत ऐकवत असतो. मिल्ड्रेड मोल्क या संशोधिकेने 1944 मध्ये मांजराच्या 16 ध्वनिप्रकारांची नोंद केली आणि तोंडाच्या स्थितीवरून त्यांचे तीन गट पाडले : तोंड मिटून काढलेले, उघडलेले तोंड हळूहळू मिटत काढलेले आणि तोंड ताणून उघडे ठेवून काढलेले. ‘म्याव’ हा शब्द सावकाश उच्चारून पाहिला, तर यातील दुसरा प्रकार ओठांवर जाणवतो. ‘म’ला ओठ मिटलेले, ‘या’ला जबडा खाली आणि ‘व’ला ओठ पुन्हा जवळ, असा तो मांजराच्या तोंडाचाच आराखडा आहे. जपानी भाषेत हाच आवाज ‘न्या’ असा होतो. प्राचीन इजिप्तमधील ‘मिउ’ आणि चिनी ‘माओ’ या शब्दांत तर आवाजाची नक्कल हेच प्राण्याचे नाव होऊन बसले आहे. स्वीडनमधील लुंड विद्यापीठात 2016 पासून सुझान शट्झ या ध्वनिशास्त्रज्ञ महिलेने माणूस आणि मांजर यांच्या संवादातील स्वरांच्या चढउतारांचा अभ्यास हाती घेतला.

घुरघुर ही नकलेला सर्वांत अवघड. मांजराचे घुरघुरणे सेकंदाला सुमारे 25 ते 30 कंपनांचे असते, आणि श्वास आत घेताना व बाहेर सोडताना ते जवळजवळ अखंड चालू राहते. योगायोगाने माणसाच्या जिभेचे टोक लांबवलेल्या ‘र्र्र’मध्ये साधारण याच वेगाने थरथरते, त्यामुळे नकलाकाराची पहिली धाव तिकडेच असते. पण ती थरथर उच्छ्वासापुरतीच टिकते, श्वास घेताना तुटते, आणि त्या एका खंडाने सोंग उघडे पडते. मांजर ती कशी काढते याविषयीची समजही बदलत आहे. स्वरयंत्राच्या स्नायूंचे मेंदूच्या आज्ञेने होणारे लयबद्ध आकुंचन हे तिचे कारण मानले जाई, परंतु व्हिएन्नातील संशोधकांनी 2023 मध्ये दाखवले की शरीराबाहेर काढलेल्या स्वरयंत्रातून नुसती हवा सोडली तरी तशा कमी कंपनांचा आवाज निघू शकतो. स्वरतंतूंत रुतलेल्या मऊ गाद्यांचा त्यात हात असावा, असे त्यांनी सुचवले. ससेक्स विद्यापीठातील केरन मकोम आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये असेही दाखवले होते की खाणे मागणाऱ्या मांजराच्या घुरघुरीत रडण्यासारखा एक उंच स्वर मिसळलेला असतो आणि तो ऐकणाऱ्याला अधिक निकडीचा वाटतो.

खुद्द मांजरावर परिणाम करणारे म्हणून प्रयोगाने तपासले गेलेले अनुकरण मात्र आवाजाचे नाही, पापण्यांचे आहे. निवांत मांजर डोळे अर्धवट मिटते, क्षणभर तसेच ठेवते आणि सावकाश उघडते. ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या संशोधकांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पहिल्या प्रयोगासाठी 14 घरांतील 21 मांजरे घेतली होती. मालकाने अशी संथ उघडझाप केली असता मांजरांनीही डोळे बारीक करण्याचे प्रमाण वाढले. दुसऱ्या प्रयोगात 24 मांजरांसमोर अनोळखी व्यक्ती होती. तिने निर्विकार चेहरा ठेवला त्यापेक्षा डोळे संथपणे मिटले, तेव्हा मांजरे तिच्या पुढे केलेल्या हाताकडे अधिक वेळा आली. मांजराची नक्कल म्हटली की लोक पंजे नाचवतात, नखे दाखवतात आणि ओरडतात, पण मांजराला त्यात काही ओळखीचे वाटत असेल असे नाही. रोखून पाहणे त्याला धमकीसारखे वाटते, आणि उत्साही नकलाकार नेमका तेच करत असतो.

संगीतात ही नक्कल वाद्यांनी फार लवकर केली. कार्लो फारिना या इटालियन व्हायोलिनवादकाने 1627 मध्ये ड्रेस्डेन येथे प्रसिद्ध केलेल्या ‘काप्रिच्चो स्त्राव्हागान्ते’ या रचनेत कोंबड्या, कुत्रा यांच्याबरोबर मांजरही येते. त्यासाठी त्याने वादकाला सूचना दिली आहे. तारेवर टेकलेले बोट स्वरावरून हळूहळू मागे ओढायचे, म्हणजे विव्हळणे निघते, आणि पुढच्या जलद भागात मांजरे पळत सुटल्यासारखा गज घोडीच्या, म्हणजे तारा उचलून धरणाऱ्या लाकडी पट्टीच्या, कधी अलीकडे तर कधी पलीकडे वेडावाकडा फिरवायचा. पुढे हाइनरिख बीबर यानेही पक्ष्यांच्या आणि प्राण्यांच्या आवाजांवर बेतलेल्या आपल्या व्हायोलिन सोनाटात मांजराला स्थान दिले. रोसीनीच्या नावावर सर्रास गायले जाणारे दोन मांजरींचे विनोदी द्वंद्वगीत प्रत्यक्षात 1825 मध्ये जी. बेर्टोल्ड या टोपणनावाने प्रसिद्ध झाले होते. त्यात ‘मियाउ’ या एकाच शब्दावर रुसवा, लाडीगोडी आणि कचाकचा भांडण उभे करायचे असते. मॉरिस राव्हेल याच्या 1925 साली माँटे कार्लो येथे प्रथम सादर झालेल्या ‘लांफां ए ले सॉर्तिलेज’ या ऑपेरात बोका आणि मांजर अनुनासिक, निरर्थक अक्षरांत गातात. तेथे नक्कल विनोदाच्या पलीकडे गेलेली असून तिच्यातील आर्त ओढ ऐकणाऱ्याला किंचित अस्वस्थ करते.

बॅलेच्या परिभाषेत ‘पा द शा’ म्हणजे मांजराचे पाऊल ही उडी रूढ आहे. तीत एकापाठोपाठ एक गुडघे दुमडून पाय अंगाखाली घेतले जातात आणि त्याच क्रमाने ते मऊपणे जमिनीवर येतात. सेंट पीटर्झबर्ग येथे 1890 साली रंगमंचावर आलेल्या चायकॉव्हस्की-पेतिपा यांच्या ‘स्लीपिंग ब्यूटी’च्या शेवटच्या अंकात बूटवाला बोका आणि पांढरी मांजर यांचे नृत्य आहे. त्यात मनगट वळवून तोंड पुसणे, पंजा उगारणे आणि नाक मुरडून पाठ फिरवणे एवढ्या मोजक्या खुणांवर सगळे भागते. नाट्यशिक्षणात, विशेषतः झाक लकॉक याने 1956 मध्ये पॅरिस येथे स्थापन केलेल्या शाळेच्या परंपरेत, प्राण्यांचा अभ्यास हा शरीर घडवण्याचा पाठ असतो. मांजर त्यातील अवघड पाठांपैकी एक म्हणावे लागेल, कारण त्याच्या हालचालीपेक्षा त्याचे थांबणे शिकावे लागते. दबा धरलेले मांजर पुढचा पंजा हवेत तसाच ठेवून गोठते, अंगावरचा केसही हलत नाही, शेपटीचे टोक तेवढे वळवळत असते. शेपटी नसलेल्या नटाला ही वळवळ दुसरीकडे कोठेतरी, एखाद्या बोटात किंवा जबड्यात, ठेवावी लागते.

या अनुकरणाचे सर्वांत दीर्घकाळ चाललेले उदाहरण म्हणजे टी. एस. एलियट याच्या 1939 च्या बालकवितांवर आधारलेली अँड्र्यू लॉइड वेबर याची ‘कॅट्स’ ही संगीतिका. ती 11 मे 1981 रोजी लंडनमध्ये सुरू झाली आणि बरोबर 21 वर्षांनी त्याच तारखेला तेथे तिचा शेवटचा प्रयोग झाला. नृत्यदिग्दर्शिका जिलियन लिन यांनी नर्तकांना पूर्ण वेळ चार पायांवर न चालवता बॅले, जॅझ आणि मांजराची अंगलट यांचे मिश्रण केले. जॉन नेपियर यांनी कचऱ्याच्या ढिगाचे नेपथ्य खऱ्या वस्तूंहून कितीतरी मोठ्या आकारात उभारले, त्यामुळे माणसे आपोआप मांजराएवढी दिसू लागली. 2019 च्या चित्रपटात नटांच्या अंगावर संगणकाने लव चढवली गेली आणि त्या रूपावर सडकून टीका झाली. रंगमंचावर प्रेक्षक जे मनाने पुरे करून घेत होता ते पडद्यावर पुरे करून दाखवले की नक्कल फसते, हे त्याचे कारण दिसते.

व्यायामपद्धतींत मार्जारासन सर्वांच्या परिचयाचे आहे. गुडघे आणि तळहात टेकून श्वासाबरोबर पाठीची कमान वर-खाली करण्याची ही क्रिया हठयोगप्रदीपिका किंवा घेरण्डसंहिता या जुन्या ग्रंथांतील आसनांत नाही. ती आधुनिक योगवर्गांनी रूढ केली. ताय ची या चिनी पद्धतीत पाऊल मांजरासारखे टाकावे असे वचन आहे. त्याचा अर्थ असा की सगळा भार एका पायावर ठेवून दुसरे पाऊल आधी रिकामे टेकवावे आणि मगच भार त्यावर न्यावा.

उलटे पडलेले मांजर सरळ होऊन पायांवर कसे उतरते, हे एत्येन-झ्यूल मारे याने 1894 मध्ये वेगवान छायाचित्रमालिकेने दाखवले तेव्हा भौतिकीच्या जाणकारांनाही ते कोडे वाटले, कारण आधाराशिवाय अंग वळवणे नियमात बसत नाही असा समज होता. मांजर कमरेत वाकून शरीराचे दोन भाग करते, एका भागाचे पाय पोटाशी व दुसऱ्याचे लांब ठेवून दोन्ही भाग वेगवेगळे पिळते, आणि एकूण कोनीय संवेग, म्हणजे सबंध शरीराच्या फिरण्याचा जोर, शून्य असतानाही दिशा बदलते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील टॉमस केन आणि एम. पी. शर यांनी 1969 मध्ये याचे गणिती स्पष्टीकरण मांडले आणि पुढच्याच वर्षी हातापायांच्या हालचालींनी माणसाला स्वतःला वळवण्याच्या रीती सुचवल्या, ज्या वजनरहित अवस्थेत तरंगणाऱ्या अंतराळवीराला उपयोगी पडाव्यात. माणसाची कंबर मांजराइतकी पिळत नसल्यामुळे येथे आकार सोडून तत्त्व तेवढे घेतले आहे.

वेशभूषेत मांजराचे काम दोन त्रिकोणी कानांवर भागते. माणसाच्या कानांभोवतीचे स्नायू जवळजवळ निकामी झालेले असल्याने हे कान निर्जीवच राहतात. ती उणीव भरून काढण्यासाठी जपानमध्ये ‘नेकोमिमी’ नावाचे उपकरण 2012 मध्ये विक्रीस आले. ते कपाळावरील विद्युतलहरी टिपून एकाग्रतेत कान ताठ करते आणि निवांतपणी खाली पाडते. मांजराचे सोंग घेणाऱ्यांविषयी अफवाही उठतात. स्वतःला मांजर मानणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी शाळांनी वाळूच्या पेट्या ठेवल्याची बातमी 2021 नंतर अमेरिका व कॅनडात पसरली, आणि पडताळणीत ती निराधार ठरली. आपण मांजरच आहोत असा खरा भ्रम असलेल्या रुग्णाची नोंद वैद्यकीय वाङ्मयात 1990 च्या सुमारास झालेली आहे, पण ती अवस्था फार विरळ असून सोंगाशी किंवा खेळाशी तिचा संबंध नाही. मुले मांजर होतात तेव्हा आपण मांजर नाही हे त्यांना पक्के ठाऊक असते. रोझे काय्वा या फ्रेंच विचारवंताने 1958 मध्ये खेळांचे चार वर्ग पाडताना सोंगाचा स्वतंत्र वर्ग मानला.

उलट दिशेचे अनुकरणही नोंदले गेले आहे. बुडापेस्ट येथील एत्व्हश लोरांद विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये एबिसु या जपानमधील अकरा वर्षांच्या मांजरीवरील प्रयोग प्रसिद्ध केला. ‘मी करते तसे कर’ या आज्ञेवर ती समोरच्या स्त्रीची कृती करून दाखवत असे. बाईंनी खोक्याला हात लावला की ती पंजा लावी. दुसऱ्या कृतीत बाईंनी आपला गाल खोक्यावर घासला आणि एबिसुनेही आपला गाल त्याच खोक्यावर घासला. गाल घासून वस्तूवर गंध सोडणे ही मुळात मांजराचीच सवय. एबिसुला माणसाची नक्कल करता यावी म्हणून बाईंना आधी मांजराची करावी लागली होती.