दगडाला ताण सोसत नाही: पुलांच्या प्रकारांमागची पार्श्वभूमी

खोडरबराच्या कडेवर पेनाने उभ्या रेघा ओढा आणि ते दोन्ही टोकांना धरून मधोमध खाली वाकवा. वरच्या बाजूला रेघा जवळ येतात, खालच्या बाजूला फाकतात. वर दाब, खाली ताण. ओढ्यावर टाकलेल्या फळीत हेच होतं आणि रेल्वेपुलाच्या गर्डरमध्येही हेच. तुळईचा पूल, कमानीचा, कैचीचा, झुलता अशी जी यादी विद्यार्थी पाठ करतात, तिच्यामागे मला तरी एकच जुनी अडचण दिसते: हा ताण घ्यायचा कुणी?

दगड दाबाला खंबीर, ताणाला अगदी हळवा. सपाट शिळा दोन खांबांवर ठेवली की ती खालून तडकते, म्हणून शिळांच्या पुलांचे गाळे, म्हणजे दोन आधारांमधली अंतरं, आखूडच राहिले. कमानीने ही अडचण सोडवली नाही, शिताफीने टाळली. पाचरीसारखे घडवलेले दगड एकमेकांना रेटत राहतात आणि वरचं ओझं वळणावरून दाबाच्या रूपातच खाली उतरतं. मात्र उतरताना ते बाहेरही ढकलतं. दोन्ही काठांवरच्या अबटमेंटनी, म्हणजे टोकांच्या भक्कम आधारांनी, ही ढकल रोखायची असते. ती सरकली की कमान बसलीच म्हणून समजा.

रोमनांची कमान अर्धवर्तुळाकार. स्पेनमधला अल्कांताराचा पूल दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा. युद्धांत त्याचे गाळे पाडले गेले, पुन्हा बांधले गेले, आणि तो आजही उभा आहे. पण अर्धवर्तुळात गाळ्याच्या निम्मी उंची घ्यावीच लागते. चीनमध्ये ली चुनने इ.स. 605च्या सुमारास झाओझोऊच्या पुलात वर्तुळाचा फक्त एक चपटा तुकडा वापरला. गाळा सुमारे 37 मीटर, उंची जेमतेम 7 मीटर. शिवाय दोन्ही खांद्यांत छोट्या कमानी ठेवल्या, त्यामुळे वजन घटलं आणि पुराच्या पाण्याला वाट मिळाली.

या कारागिरांकडे गणित नव्हतं, हाताचा अंदाज होता. 1675 मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने एक नियम अक्षरांची उलथापालथ करून, कोड्याच्या रूपात छापला: लवचीक साखळी जशी लटकते, तिचाच आकार उलटा केला की ताठ कमान उभी राहील. लटकत्या साखळीत निव्वळ ताण, उलट्या कमानीत निव्वळ दाब. झुलता पूल आणि कमानीचा पूल ही एकाच आकाराची दोन तोंडं आहेत, हे त्या एका ओळीत आलं.

लोखंड आलं तरी सवयी जुन्याच राहिल्या. इंग्लंडमध्ये कोलब्रुकडेलजवळ 1779 मध्ये उभारलेल्या लोखंडी पुलाचे भाग सुतारकामासारखी खाच आणि कूस करून जोडलेले आहेत, आणि तोही कमानीचाच! एका अर्थाने ते बरंच झालं, कारण ते बिडाचं ओतीव लोखंड होतं. दाबात उत्तम, ताणात दगा देणारं. कमान सोडून बिडाची सरळ तुळई वापरल्याची किंमत 1847 मध्ये चेस्टरजवळच्या डी नदीवर मोजावी लागली. आखणी रॉबर्ट स्टीफन्सनसारख्या नामवंत अभियंत्याची. तुळयांना घडीव लोखंडाच्या पट्ट्यांचा आधार होता. 24 मे रोजी, इंजिनातल्या निखाऱ्यांनी लाकडी तक्तपोशी पेटू नये म्हणून, रुळांखाली खडीचा थर टाकला गेला. वजन वाढलं. नंतरची गाडी पुलावर असताना तुळई मोडली आणि पाच जण गेले.

घडीव लोखंड मात्र ताण सोसतं. ब्रिटिश अभियंता टेलफर्डने अशाच लोखंडाच्या साखळ्यांवर 1826 मध्ये वेल्समधल्या मेनाई सामुद्रधुनीवर 176 मीटरचा झुलता गाळा टांगला होता. पुढे कैचीच्या, म्हणजे सळयांच्या त्रिकोणी सांगाड्याच्या, पुलांत प्रत्येक सळईवर दाब येतो की ताण, हे कागदावर मांडता येऊ लागलं आणि अंदाजाची जागा हिशोबाने घेतली.

वारा मात्र या हिशोबात नीट धरला जात नव्हता. डिसेंबर 1879 मध्ये स्कॉटलंडचा टे पूल वादळात गाडीसकट कोसळला. टे पुलाच्याच अभियंत्याचा फोर्थच्या खाडीवरचा नियोजित झुलता पूल लगेच बासनात गेला. त्याजागी फाउलर आणि बेकर या अभियंत्यांचा पोलादी कॅन्टिलिव्हर पूल, म्हणजे खांबांपासून दोन्हीकडे हात पसरलेला पूल, 1890 मध्ये खुला झाला. त्याचे मुख्य गाळे 521 मीटरचे. तो समजावण्यासाठी बेकरने माणसंच बसवली. दोन खुर्च्यांवर दोन माणसं, हात पसरलेले, हातांत खुर्चीला टेकवलेल्या काठ्या. बाहेरच्या बाजूंना विटांचं वजन आणि मधे टांगलेल्या फळीवर काइची वातानाबे हा जपानी अभियंता. मधल्या माणसाचं वजन आलं की दोघांच्या हातांवर ताण येतो आणि काठ्यांवर दाब. प्रत्यक्ष पुलातही हाच फरक दिसतो: दाब घेणारे भाग 12 फूट व्यासाच्या जाड नळ्या, ताण घेणारे जाळीदार गर्डर. नळ्या अशासाठी की दाबाखाली बारीक काठी मोडण्याआधी वाकून निसटते.

काँक्रीटची गोष्ट वेगळी. ते तर दगडाचंच भावंड. फ्रेंच अभियंता फ्रेसिनेने 1928 मध्ये पेटंट घेतलेली युक्ती मला सगळ्यांत देखणी वाटते. पुस्तकांची रांग दोन्ही बाजूंनी घट्ट दाबून उचलली की ती तुळईसारखी अधांतरी राहते. तसंच, पोलादी तारा आधीच ताणून काँक्रीटला इतकं दाबून ठेवायचं की गाडी आली तरी खालच्या कडेला ताण पोचू नये.

पोलादी तारांनी झुलते पूल लांबतच गेले आणि सडपातळही. अमेरिकेतला 853 मीटर गाळ्याचा टॅकोमा नॅरोजचा पूल नोव्हेंबर 1940 मध्ये, खुला झाल्यानंतर चार महिन्यांतच, ताशी साठेक किलोमीटरच्या वाऱ्यात पिळवटून तुटला. ताणाची सोय होती, पण पीळ सोसणारा ताठपणा रस्त्याच्या पातळ तक्तपोशीत नव्हता. त्यानंतर अशा पुलांचे नमुने वाऱ्याच्या बोगद्यात तपासले जाऊ लागले.

आणि 1967 मध्ये अमेरिकेतल्या ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज पडला, 46 जणांचा जीव घेऊन. तो टांगलेला होता टोकांना डोळे, म्हणजे भोकं, असलेल्या पोलादी पट्ट्यांच्या साखळीला, प्रत्येक कडीत दोनच पट्ट्या. एका पट्टीच्या डोळ्यात अडीच मिलिमीटरच्या आसपास खोल भेग होती. दाबात भेग मिटते, ताणात ती उघडते. सांधा सुटा केल्याशिवाय ती दिसण्याची सोयच नव्हती. अमेरिकेत पुलांच्या ठरावीक काळाने तपासणीचे राष्ट्रीय नियम त्यानंतर, 1971 मध्ये आले.