नी मधला मुका के

चोपडा तालुक्यातल्या आमच्या केळीच्या बागेत, पाटाच्या कडेला बसून भाची स्पेलिंग पाठ करत होती. नी, नॉट, नकल, नो. वहीत प्रत्येक शब्दाच्या तोंडाशी के-एन, आणि तोंडात मात्र के कुठेच नाही. वही मिटून ती म्हणाली, "मामा, जे बोलायचंच नाही, ते लिहायचं कशाले?"

प्रश्न रास्त होता. लहानपणी आम्हाला त्यावर एकच उत्तर मिळायचं: मुकाट्यानं पाठ कर. खरं उत्तर त्याहून कितीतरी सुंदर आहे.

तो के एके काळी बोलला जायचा. इंग्रज माणूस गुडघ्याला 'क्ने' म्हणायचा. जर्मनीत तर आजही के उच्चारून 'क्नी'च म्हणतात. 1476 साली विल्यम कॅक्स्टननं इंग्लंडात पहिला छापखाना घातला आणि पुढे छापील पुस्तकांबरोबर स्पेलिंग ठरत गेलं. जिभेला छापखान्याचं बंधन नव्हतं. 17व्या शतकाच्या सुमारास बोलण्यातला के गळाला, कागदावरचा राहिला. राहिला ते फार बरं झालं, कारण त्याच्यामुळेच नातं ओळखू येतं. 'आजानुबाहू' मधला जानु म्हणजे गुडघा. जानु आणि क्नी हे एकाच घरचे. नो म्हणजे जाणणे; तिथला के-एन आणि आपल्या 'ज्ञान' मधला ज्ञ एकाच धातूतून आलेत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, हे विल्यम जोन्स या इंग्रज न्यायाधीशानं 1786 साली कोलकात्यात सांगितलं होतं. त्या मुळाचा एक तंतू सातवीच्या वहीत असा सापडतो.

डब्ल्यू-आरचंही तसंच, तिथला डब्ल्यू मुका. रिस्ट म्हणजे मनगट, रिंकल म्हणजे सुरकुती, रेंच म्हणजे मोटारीचे नट फिरवायचा पाना, आणि ओलं धोतर पिळतो तेही डब्ल्यू लावून रिंगच. सगळ्यांत पीळ आहे, वळणं आहे. राँगसुद्धा त्यातलाच: त्याचा जुना अर्थ वाकडा. आपणही म्हणतोच ना, त्याचं-माझं वाकडं आहे. राइट म्हणजे लिहिणे हा शब्द मात्र या घरात बसत नाही. त्याचा मूळ अर्थ ओरखडणे, कोरणे. आणि लिहिणे ज्यातून आलं त्या 'लिख्' धातूचा अर्थही ओरखडणेच! दोन्हीकडची माणसं आधी काहीतरी टोकदार घेऊन खरडतच होती.

एस-एनचं घर मला सगळ्यांत आवडतं. स्नीझ म्हणजे शिंकणे, स्नोअर घोरणे, स्निफ हुंगणे, स्नॉट शेंबूड, स्नाउट डुकराचं पुढे आलेलं नाकाड. सगळं नाकाशी. गंमत म्हणजे स्नीझ मुळात एफ-एननं सुरू व्हायचा, 'फ्नीझ' सारखा. पुढे एफ-एनचे शब्द इंग्रजीतून नाहीसे झाले. जुन्या लिपीतला लांब एस थेट एफसारखा दिसायचा, त्यानंही गोंधळ वाढवला असावा. एकट्या पडलेल्या त्या शिंकेला नाकवाल्यांच्या घरात जागा मिळाली.

अशा अक्षरजोडीला जॉन रुपर्ट फर्थ या भाषाशास्त्रज्ञानं 1930 साली 'फोनेस्थीम' असं नाव दिलं. पण एन आणि नाक यांचाच मेळ का? नाक चिमटीत धरा आणि लांबलचक 'न्‌न्‌न्' म्हणून पाहा. आवाज कोंडतो, कारण न म्हणताना हवा नाकातूनच बाहेर पडते. भाचीनं लगेच करून पाहिलं आणि कानाला दडे बसले म्हणून हसत सुटली. अर्थात हा नियम नव्हे. आपल्या घोरण्यात न नाही, आणि स्नेक, स्नो यांचा नाकाशी संबंध नाही.

जी-एलचे शब्द उजेडाचे. तिला ते मी खान्देशातच दाखवले. ग्लो म्हणजे भरताची वांगी भाजून झाल्यावर पऱ्हाटीचे निखारे धगधगतात तो उजेड, ज्वाळेविना. ग्लिंट म्हणजे घड कापणाऱ्याच्या विळ्यावरून क्षणभर लकाकून जाते ती तिरीप. ग्लिटर म्हणजे जळगावच्या सराफ बाजारातली झगमग. आणि ग्लेअर? मे महिन्यात भुसावळच्या फलाटावर उतरा, डोळे आपोआप मिटतील. बेंजामिन बर्गेन या भाषाशास्त्रज्ञाच्या 2004 सालच्या प्रयोगात दिसलं की ग्लिटर वाचल्यावर ग्लो हा शब्द लोक चटकन ओळखतात. नुसतं अक्षर किंवा नुसता अर्थ सारखा असेल, तर तितकं चटकन नाही. म्हणजे ही घरं मेंदूतही वसलेली आहेत.

"आपल्यात आहेत का असे?" तिनं विचारलं. मी तिच्या फ्रॉककडे बोट दाखवलं. घडाच्या दांड्यातून गळालेला चीक बाहीवर पडला होता. आत्ता पाण्यासारखा, उद्या तपकिरी, आणि मग कितीही घासा, जायचा नाही.

"चीक," ती म्हणाली. मग बोटांवर मोजत सुरू झाली: "चिकट. चिखल. चिपड. चिवट." पायाला लागलेली काळी माती खरवडत थोडं थांबली. "चिघळणं. चिक्की."

हे सगळे एकाच आईचे आहेत असं नाही, पण एकमेकांना चिकटून राहिलेत खरे.

"मग चिमणी?"

चिमणी नाही बसत, मी म्हटलं. तिनं वहीच्या मागच्या पानावर चिमणी वेगळी लिहिली आणि पुढचा शब्द शोधायला लागली.