चक्रीय उत्पादन : कामगार-कौशल्ये (वडोदरा)

एका प्रक्रियेत उरलेला माल फेकून न देता त्याच किंवा दुसऱ्या कारखान्यात कच्चा माल म्हणून वापरणे, याला चक्रीय उत्पादन म्हणतात. वडोदऱ्यात त्याचा खरा कस लागतो तो नंदेसरीसारख्या रासायनिक वसाहतींत, आणि त्याची मदार यंत्रांइतकीच पाळीवरच्या ऑपरेटरवर असते.

१९८३ पासून इथल्या उद्योगांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी सुमारे ५५ किलोमीटरच्या कालव्याने खंभातच्या आखाताकडे जाते. पण पैसे मोजून घेतलेला मालही पाण्याबरोबर वाहून जातो. म्हणून रिअ‍ॅक्टरमध्ये, म्हणजे रासायनिक क्रियेच्या भांड्यात, किती घातले, किती निघाले, मधले कुठे गेले, हा मास बॅलन्सचा हिशेब नोंदवहीवरून मांडता येणे हे पहिले कौशल्य.

सर्वांत अवघड काम सॉल्व्हंट, म्हणजे पदार्थ विरघळवणारे द्रव, उकळून आणि वाफ थंड करून परत मिळवण्याचे. मिथेनॉल ६४.७ अंश सेल्सिअसला उकळते, टोल्युईन ११०.६ ला. तक्त्यावर विसंबणारा नवखा म्हणेल, आधी मिथेनॉल उतरेल, मग टोल्युईन. प्रत्यक्षात दोघांचा अ‍ॅझिओट्रोप होतो, म्हणजे ठरावीक प्रमाणात एकत्रच उकळणारे मिश्रण, आणि तो मिथेनॉलच्याही किंचित खाली उकळतो. थर्मामीटरवर मिथेनॉल दिसते आणि ड्रममध्ये टोल्युईनही पडत असते. मुरलेला ऑपरेटर नमुन्यात पाणी ओतून पाहतो. मिथेनॉल पाण्यात मिसळते, टोल्युईनचा थर वर येतो. दोघांना वेगळे करण्याची एक वाटही तीच. ड्रम भरण्याआधी अर्थिंगची क्लिप लावायची, कारण वाहत्या टोल्युईनमध्ये स्थिर वीज साठते आणि एक ठिणगी पुरते.

या कामाच्या जवळचा आयटीआयचा ट्रेड म्हणजे ‘अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट’. त्यामागची परंपरा मात्र जुनी आहे. सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये कलाभवन काढले. मराठी वाचकाला ते दादासाहेब फाळक्यांमुळे आठवते, पण तिथे रंगाई आणि रसायनही शिकवत. त्याचे एकेकाळचे प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांनी कोटीभास्कर आणि अमीन यांच्यासह १९०७ मध्ये अलेम्बिक ही रसायन-औषध कंपनी उभी केली. हल्लीच्या ‘हरित कौशल्य’ वर्गांत स्लाइडच फार. कलाभवनाचा भर हाताने करून शिकण्यावर होता.

उरलेला माल पुन्हा वापरण्याचे दुसरे उदाहरण म्हणजे वापरलेले गंधकाम्ल. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतील नियम ९ प्रमाणे परवानगी घेऊन ते दुसऱ्या कारखान्याला देता येते, त्यापासून तुरटीही होते. घनतेवरून आम्लाच्या तीव्रतेचा अंदाज येतो, त्यात विरघळलेल्या सेंद्रिय अशुद्धीचा येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेची चाचणी लागते, आणि तिचा निकाल हाती येईपर्यंत टँकर फाटकाशी थांबवून धरणे हेही ऑपरेटरलाच जमावे लागते.