‘एलएमव्ही’वर छोटा हत्ती चालवता येतो का? एका प्रश्नामागची शंभर वर्षं

आपल्या लायसन्सच्या कार्डावर बारीक इंग्रजी अक्षरांत वाहनांचे वर्ग छापलेले असतात. कुणाच्या कार्डावर एमसीडब्ल्यूजी म्हणजे गिअरची दुचाकी असते, कुणाच्या एमसीडब्ल्यूओजी म्हणजे बिनगिअरची, आणि बहुतेकांच्या एलएमव्ही म्हणजे हलकं मोटार वाहन. पोलिसाने अडवलं की आपण मुदत तेवढी पाहतो, या अक्षरांकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण मार्केट यार्डातून भाजीचे क्रेट भरून छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस हा छोटा टेम्पो, काढणाऱ्या माणसाचं पोट या अक्षरांवर चालतं. अपघात झाला तर समोरच्या घराला भरपाई कोण देणार, याचाही वाद कित्येक वर्षं याच अक्षरांवर अडकून पडला होता.

‘साध्या एलएमव्हीवर छोटा हत्ती चालतो का, की त्यावर टीआर म्हणजे ट्रान्सपोर्टचा शिक्का मारून घ्यावा लागतो?’ या प्रश्नाचं पक्कं उत्तर मिळायला ६ नोव्हेंबर २०२४ उजाडला. उत्तराला इतका वेळ का लागला, ते समजायला मागे जावं लागतं.

मोटार आली तेव्हा वर्गवारी वगैरे काही नव्हती. ब्रिटनमध्ये १९०३ च्या कायद्याने परवाना सक्तीचा केला, पण परीक्षा ठेवली नाही. शुल्क भरलं की परवाना हातात. मोटारीसाठी वय १७, मोटारसायकलसाठी १४. सर्वांसाठी चालवण्याची परीक्षा तिकडे १९३५ मध्ये आली. आपल्याकडे बंगाल आणि मुंबई प्रांतांनी १९०३-०४ च्या सुमारास स्वतःचे कायदे केले आणि १९१४ मध्ये सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी पहिला मोटार वाहन कायदा आला. तो फारच आटोपशीर होता आणि बराचसा तपशील त्याने प्रांतांच्या नियमांवर सोडला होता. रस्त्यावर मोटारी मोजक्याच होत्या. त्या ठेवणारेही मोजके होते, आणि चालवायला बहुतेकांकडे पगारी माणूस असे.

हा पगारी माणूस १९३९ च्या कायद्यात थेट शब्दांत आला. कलम ३ चा आशय असा होता: परवान्याशिवाय गाडी चालवायची नाही, शिवाय पगारी नोकर म्हणून गाडी चालवायची असेल किंवा परिवहन वाहन चालवायचं असेल, तर परवान्यावर तशी खास मुभा हवी. याचा अर्थ असा की मालकाने स्वतःची मोटार चालवली तर साधा परवाना पुरे आणि तीच मोटार त्याच्या ड्रायव्हरने चालवली तर परवान्यावर वेगळी नोंद हवी. गाडी एकच, रस्ताही एकच, फक्त चाकामागचा माणूस कशासाठी बसलाय यावर परवाना बदलणार. माझ्या मते पुढच्या सगळ्या गोंधळाचं बी इथे पडलं. गाडी कशी आहे आणि गाडी कशासाठी आहे, हे दोन वेगळे प्रश्न कायद्याने एकाच कागदावर आणून बसवले.

दुचाकीच्या बाबतीत हा गुंता नव्हता, पण तिची व्याख्या मजेशीर होती. १९३९ च्या कायद्यात ‘मोटारसायकल’ म्हणजे चारपेक्षा कमी चाकांचं, ठरावीक वजनाच्या आतलं वाहन. म्हणजे हलकी तीनचाकीही त्या व्याख्येत बसू शकत होती. १९८८ च्या कायद्याने ती घट्ट केली: दोन चाकांचं मोटार वाहन, आणि त्याला जोडता-काढता येणारी साइडकार असेल तर तिच्या जादा चाकासह. शोलेतल्या गाडीसारखी साइडकार लावली म्हणून मोटारसायकल तीनचाकी होत नाही, ती मोटारसायकलच राहते.

हा १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि तोच आजही चालू आहे. त्यातल्या कलम १० मध्ये परवान्याच्या वर्गांची यादी आहे. तिची पहिलीच दोन नावं ‘बिनगिअरची मोटारसायकल’ आणि ‘गिअरची मोटारसायकल’ अशी आहेत. त्या काळातले रस्ते आठवले की ही विभागणी लगेच पटते. १९७२ मध्ये पुण्यात लुना आली, ५० सीसीची, पायडल मारून सुरू होणारी. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली. तिचं इंजिन ९८ सीसीचं, पण गिअर नाही, बटण दाबलं की चालू. लुनावर कॉलेजला जाणारी मुलगी आणि डाव्या मुठीने गिअर बदलत चेतक चालवणारे तिचे वडील हे दोन निराळे चालक आहेत, हे कायद्याने मान्य केलं.

सोळा वर्षांच्या मुलांची सवलतही इथलीच. मूळ कायद्यात सोळा पूर्ण झालेल्यांना बिनगिअरची मोटारसायकल चालवायची मुभा होती. मग बिनगिअरच्या गाड्याही दमदार होऊ लागल्या आणि १९९४ च्या दुरुस्तीत ‘बिनगिअरची’ हे शब्द काढून ‘५० सीसीपर्यंतच्या इंजिनाची’ असे शब्द घातले गेले. ही गोष्ट फार कमी पालकांना ठाऊक असते. अकरावीतल्या मुलाला सोळाव्या वर्षी परवाना मिळतो हे खरं, पण त्यावर घरातली ११० सीसीची स्कूटर चालवणं म्हणजे विनापरवाना चालवणंच. ५० सीसीची नवी पेट्रोल गाडी आता बाजारात शोधूनही सापडणं कठीण आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. चावी देण्याआधी हे माहीत असायलाच हवं.

आता पुन्हा हलक्या गाडीकडे. कलम १० ची यादी आज वाचायला घेतली की एक विचित्र गोष्ट दिसते. ए बिनगिअरची दुचाकी, बी गिअरची, सी अपंगांसाठीचं वाहन (२०१९ पर्यंत कायदा त्याला ‘इनव्हॅलिड कॅरेज’ म्हणत होता, आता ‘अडॅप्टेड व्हेइकल’ म्हणतो), डी हलकं मोटार वाहन, ई परिवहन वाहन. आणि त्याच्यापुढे थेट आय, रोड रोलर! एफ, जी, एच गायब आहेत.

ही छपाईची चूक नाही. मूळ यादीत ई ते एच या चार जागी मध्यम मालवाहू, मध्यम प्रवासी, अवजड मालवाहू आणि अवजड प्रवासी असे चार वर्ग होते. १४ नोव्हेंबर १९९४ पासून ते चारही काढून त्यांच्या जागी ‘परिवहन वाहन’ हा एकच वर्ग आला. हेतू कागदपत्रं सोपी करण्याचा होता. पण आधीचे चार वर्ग वजनावर बेतलेले होते आणि नवा शब्द वापरावर बेतलेला. ‘परिवहन वाहन’ या शब्दात सगळ्या मालवाहू आणि भाड्याने माणसं नेणाऱ्या गाड्या येतात, मग ती दहा टायरची असो की छोटा हत्ती.

त्याच दुरुस्तीने हलक्या वाहनाची वजनमर्यादा ६,००० किलोवरून ७,५०० किलोवर नेली. व्याख्या नीट वाचली तर ती अशी: ज्या परिवहन वाहनाचं किंवा बसचं मालासकट एकूण वजन, किंवा ज्या मोटारीचं, ट्रॅक्टरचं, रोड रोलरचं रिकामं वजन ७,५०० किलोच्या आत आहे, ते हलकं मोटार वाहन. म्हणजे ‘हलकं’ या शब्दाच्या व्याख्येतच ‘परिवहन वाहन’ बसलेलं आहे. छोटा हत्ती २००५ मध्ये आला, त्याचं भरलेलं वजन दीड टनाच्या आसपास. वजनाने पाहिलं तर तो डी मध्ये, वापराने पाहिलं तर ई मध्ये. एकाच गाडीवर दोन वर्गांचा दावा.

ही वकिली कीस काढण्याची बाब नाही, कारण कायद्यात विमा कंपनीला एक बचाव दिलेला आहे: चालकाकडे त्या गाडीचा वैध परवाना नव्हता, असं सिद्ध झालं तर जबाबदारी झटकता येते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर एखादी बाई उभी असते. नवरा अपघातात गेलेला, पदरात दोन मुलं. धडक दिलेल्या टेम्पोच्या ड्रायव्हरकडे एलएमव्ही परवाना असतो, त्याची मुदत चालू असते, तो वर्षानुवर्षं तोच टेम्पो चालवत असतो. आणि कंपनीच्या लेखी म्हणण्यात एक ओळ असते: परवान्यावर ट्रान्सपोर्टची नोंद नाही, सबब कंपनी जबाबदार नाही. मग भरपाईचा बोजा टेम्पोमालकावर, आणि त्याच्याकडून वसूल काय होणार? २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘आधी कंपनीने पैसे द्यावेत, मग मालकाकडून वसूल करावेत’ या वाटेवर सविस्तर निकाल दिला, त्यामुळे पीडितांना थोडा आधार मिळाला. पण मालक-ड्रायव्हर असलेला माणूस त्यातून सुटत नव्हता.

वर्ग चुकला तर न्यायालयं किती काटेकोर राहतात, याचा एक नमुना २००८ चा आहे. ट्रकचा, म्हणजे अवजड वाहनाचा परवाना असलेला माणूस स्कूटर चालवत होता आणि अपघात झाला. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्कूटरचा वर्ग पूर्णपणे वेगळा आहे, अवजडचा परवाना तिला चालत नाही. ऐकायला विचित्र वाटतं, पण तोल सांभाळत दोन चाकं चालवणं हे निराळंच कसब आहे, आणि मला तो निकाल पटतो. कसब बदललं तर परवाना बदलावा. टेम्पोच्या बाबतीत मात्र तसं नव्हतं. घरच्या सामानाने भरलेला पिकअप आणि गिऱ्हाइकाच्या सामानाने भरलेला पिकअप यांचं स्टिअरिंग आणि ब्रेक सारखेच लागतात.

सर्वोच्च न्यायालयाच्याच वेगवेगळ्या खंडपीठांनी वेगवेगळी उत्तरं दिली. १९९९ च्या एका निकालात हलक्या मालवाहू गाडीला एलएमव्ही परवाना पुरेसा मानला गेला, नंतरच्या काही निकालांत उलट सूर लागला. ३ जुलै २०१७ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट सांगितलं: ७,५०० किलोच्या आतलं परिवहन वाहन हे हलकंच वाहन आहे, वेगळ्या नोंदीची गरज नाही. एप्रिल २०१८ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना तशी सूचना पाठवली आणि अनेक चालकांची धावपळ वाचली.

विमा कंपन्यांनी हार मानली नाही. २०१७ च्या निकालात कायद्याच्या काही तरतुदी विचारात घेतल्या गेल्या नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते सगळंच पोकळ नव्हतं. परिवहन वाहनाच्या शिकाऊ परवान्याआधी वर्षभर एलएमव्ही परवाना असावा लागतो, वय वीस लागतं. मग या अटी कुणासाठी? मार्च २०२२ मध्ये प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने २०१७ चा निकाल कायम ठेवला. निकालपत्र न्यायमूर्ती हृषीकेश रॉय यांनी लिहिलं. जादा अटी ७,५०० किलोच्या वरच्या, म्हणजे मध्यम आणि अवजड गाड्यांसाठी. त्याखालच्या गाडीला एलएमव्ही पुरे. ई-रिक्षा, ई-कार्ट आणि धोकादायक माल नेणाऱ्या गाड्यांचे खास नियम वेगळे राहतील. एलएमव्ही परवान्यावर परिवहन वाहन चालवल्यामुळे अपघात वाढतात, असं दाखवणारी आकडेवारी कुणीच समोर ठेवली नाही, हेही न्यायालयाने नोंदवलं. देशात २०२३ या एका वर्षात १.७ लाखांहून जास्त माणसं रस्ते अपघातांत दगावली, तरी या प्रश्नावर कुणाकडे आकडेवारी नव्हती.

ई-रिक्षाचा अपवाद कुठून आला, तेही थोडक्यात. बॅटरीवरचं वाहन २५० वॉटच्या आतलं, ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाचं आणि बॅटरी सोडून ६० किलोच्या आतलं असेल तर नियम त्याला मोटार वाहनच मानत नाहीत, म्हणजे परवाना नाही, नंबर प्लेट नाही. सुरुवातीच्या ई-रिक्षा अशाच धूसर जागेत चालत होत्या. जुलै २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या बंद केल्या, आणि २०१५ मध्ये संसदेने कायद्यात कलम २-ए घालून त्यांना स्वतंत्र जागा दिली. त्यांच्या चालकांना वर्षभर एलएमव्हीची अटही नाही.

घटनापीठासमोर सुनावणी चालू असताना केंद्र सरकारने सांगितलं होतं की कायद्यात दुरुस्ती करण्याचं काम जवळजवळ पूर्ण झालं आहे. ती दुरुस्ती वजनावर बेतलेली असावी, असं मला मनापासून वाटतं. आज ड्रायव्हिंग स्कूलच्या आठ-नऊशे किलोच्या छोट्या मोटारीवर परीक्षा देऊन एलएमव्ही मिळतं आणि ते साडेसात टनांच्या भरलेल्या गाडीपर्यंत चालतं. युरोपात मोटारीचा परवाना साडेतीन टनांवर थांबतो आणि त्यापुढे साडेसात टनांपर्यंत वेगळा वर्ग आहे, वेगळ्या परीक्षेसह. आपल्या कलम १० मध्ये ई आणि आय यांच्यामध्ये तीन अक्षरांची जागा १९९४ पासून मोकळी आहे.