एन्झाइम म्हणजे कुलूप नाही हो!

"एक एन्झाइम, एकच रेणू, कुलूप-किल्लीसारखं फिट्ट" हे शाळेपासून ऐकतोय आपण, आणि जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशरनी 1894 मध्ये ही उपमा दिली तेव्हा ती भारीच होती, पण शब्दशः घेऊ नका राव. ई. कोलाय बॅक्टेरियाचं बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे एन्झाइम बघा. लॅक्टोज (दुधातली साखर, गॅलॅक्टोज आणि ग्लुकोज जोडून बनलेली) तोडणं हे त्याचं नेहमीचं काम, पण ते काटेकोरपणे बघतं ती फक्त गॅलॅक्टोजची बाजू, दुसऱ्या टोकाला काय लटकलंय याचं त्याला फारसं पडलेलं नसतं, म्हणून तर लॅबमध्ये एक्स-गॅल (गॅलॅक्टोजला दुसरंच काही जोडलेला कृत्रिम रेणू, तुटला की निळा रंग देतो) दिलं की तेही तोडतं आणि प्लेटवरच्या बॅक्टेरियाच्या कॉलनी निळ्या होतात. गॅलॅक्टोजच्या जागी ग्लुकोज असलं, म्हणजे चौथ्या कार्बनवरचा एकच ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) उलट्या दिशेला, की काम जवळपास ठप्प!

आणि एन्झाइमची "निवड" म्हणजे कोणी पारखून उचलत नाही, रेणू धडकत राहतात, बसले तर बसले नाहीतर सुटले. बसले तरी तुटतीलच असं नाही, आयपीटीजी हा लॅक्टोजसारखा कृत्रिम रेणू त्याच जागेत बसतो पण तुटत नाही. शिवाय रेणू आत आला की एन्झाइमही थोडं हलून जुळवून घेतं, हे बायोकेमिस्ट डॅनियल कोशलँडनी 1958 मध्येच मांडलंय, तरी कुलूप काही सुटत नाही आपलं.