मॉफ (मेटल-ऑर्गॅनिक फ्रेमवर्क)

मॉफ म्हणजे धातूचे आयन किंवा त्यांचे छोटे क्लस्टर हे सांधे आणि त्यांना दोन्ही टोकांनी धरणारे सेंद्रिय रेणू (लिंकर) हे दांडे, अशी बनलेली स्फटिकी जाळी, जिच्या आत नॅनोमीटरच्या मापाच्या पोकळ्या असतात. गॅस साठवणं, गॅस वेगळे करणं, कॅटॅलिस्ट वगैरे उपयोग आहेतच.

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. काहीजण थेट अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या प्रशियन ब्लू या निळ्या रंगद्रव्यापर्यंत जातात, पण त्यात सेंद्रिय लिंकरच नाही. हॉफमनने 1897 मध्ये निकेल सायनाइड-अमोनियाच्या रचनेत बेंझिन अडकवलं, पण बेंझिन काढलं की मूळ रचना टिकत नाही. जपानमध्ये किनोशिता वगैरेंनी 1959 ला तांबं आणि अ‍ॅडिपोनायट्राइलची त्रिमितीय जाळी दाखवली, तिथे जाळ्या एकमेकांत गुंतलेल्या, त्यामुळे मोकळी पोकळी उरत नाही. मेलबर्नच्या रिचर्ड रॉबसनना विद्यार्थ्यांसाठी लाकडी गोळ्यांची मॉडेलं बनवताना 1974 च्या सुमारास सुचलं की दांड्यांसाठी गोळ्यात भोकं कुठे पाडली यावरच रचना ठरते, तर रेणूंचंही तसंच करता येईल, आणि हॉस्किन्ससोबत 1989 ला त्यांनी हिऱ्यासारखी जाळी बनवल्याचं प्रसिद्ध केलं. ती नाजूक होती. जपानच्या कितागावांनी 1997 ला जाळीत गॅस आत-बाहेर करून दाखवला, 1999 ला अमेरिकेतल्या याघींच्या गटाचं मॉफ-5 आलं, त्याच वर्षी हाँगकाँगचं तांब्याचं मॉफ एचकेयूएसटी-1. आत काही नसताना जाळी उभी राहते का, हीच कसोटी धरणं जास्त योग्य वाटतं, त्यामुळे कल्पना रॉबसनची आणि खरा आरंभ 1997-99 चा म्हणावा. 2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल रॉबसन, कितागावा आणि याघी या तिघांना मिळून गेलं.

मॉफ-5 साठी झिंक नायट्रेट आणि टेरेफ्थॅलिक अ‍ॅसिड लागतं, म्हणजे पॉलिएस्टरचाच कच्चा माल, पाताळगंगेच्या पॉलिएस्टर कारखान्यामुळे नवी मुंबईकडच्या केमिकलवाल्यांना नवा नाही. दोन्ही डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड) सारख्या सॉल्व्हंटमध्ये घालून बंद भांड्यात 100 अंशांच्या आसपास तापवायचं. झिफ-8 (झिंक आणि इमिडाझोलचं मॉफ) तर मेथॅनॉलमध्ये रूम टेंपरेचरलाच होतं, दोन द्रावणं मिसळली की थोड्याच वेळात दुधाळ होतात. बॉल मिलमध्ये दळूनही काही मॉफ बनतात.

खरी कसरत नंतरची, पोकळ्यांतलं सॉल्व्हंट काढायची. घाईने सुकवलं तर द्रवाच्या ओढीने जाळी आत कोसळू शकते, म्हणून आधी हलकं सॉल्व्हंट बदलून घेतात, मग व्हॅक्यूम. एचकेयूएसटी-1 मध्ये हे डोळ्यांना दिसतं: आकाशी स्फटिक व्हॅक्यूममध्ये तापवले की तांब्यावरचं पाणी जातं आणि ते गडद जांभळट निळे होतात, आणि जुलैत रबाळे-घणसोलीच्या हवेत उघडे ठेवा, रंग परत फिका पडतो.

मॉफ-5 ला दमट हवा त्याहून वाईट, पाणी झिंक-ऑक्सिजनचे बंधच तोडतं. 1999 ला त्याच्या पोकळ्यांच्या आतल्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ ग्रॅममागे 2900 चौ. मी. सांगितलं होतं, 2007 ला हवा अजिबात लागू न देता केलेल्या नमुन्याचं 3800 आलं. नुसते आकडे तुलना करताना हे विसरू नये (मोजायची पद्धतही वेगळी होती). 2012 च्या एनयू-110 या मॉफचं 7140 आहे, म्हणजे एका ग्रॅममध्ये नेरूळच्या स्टेडियमवर आखतात तेवढं अख्खं फुटबॉल मैदान.

ठाणे खाडीकाठच्या हवेत काम करायचं तर झिर्कोनियमचं यूआयओ-66 (ऑस्लो, 2008) बरं, एका क्लस्टरला 12 लिंकर धरून असल्याने ते पाण्यात टिकतं. कॅल्फ-20 हे झिंक, ट्रायझोल आणि ऑक्झॅलेटचं, धुरातली वाफ असतानाही कार्बन डायऑक्साइड पकडतं आणि ते टनांच्या हिशोबात बनतं.