सेनादलांच्या इंधनाचा हिशेब : पार्श्वभूमी

तोफ डागण्यापूर्वी केवळ दिशा आणि कोन ठरवून भागत नाही. हवेचे तापमान, तिची घनता, वारा आणि गोळ्यामागे भरलेल्या दारूचे तापमान हे सारे हिशेबात धरावे लागते, कारण दारू तापलेली असली की गोळा अधिक वेगाने सुटतो आणि लांब जाऊन पडतो. देवळालीच्या माळावर सराव करणाऱ्या तोफचीला, किंवा नाशिक रोडजवळ हेलिकॉप्टर चालवायला शिकणाऱ्या अधिकाऱ्याला, हवामान हा विषय म्हणूनच परका नाही. उष्ण हवा विरळ होते, तेव्हा हेलिकॉप्टरचा भार कमी करावा लागतो, हे त्याला सुरुवातीलाच शिकावे लागते. मात्र ही गणिते त्या त्या दिवसापुरती असतात. आता छावण्या, तळ आणि रस्ते पुढच्या तीस-चाळीस वर्षांची हवा गृहीत धरून बांधायचे आहेत, आणि त्याच वेळी आपण जाळत असलेल्या इंधनाकडेही पाहायचे आहे.

इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात देवळालीला छावणी वसवली, तेव्हा मुंबईला जोडणारी रेल्वे जशी सोयीची होती, तशीच इथली कोरडी हवाही. सैन्याने हवा पाहून जागा निवडण्याची ती जुनी रीत होती. आपल्यामुळे हवा बदलते का, हा प्रश्न त्या काळी कोणापुढेच नव्हता.

तो प्रश्न कागदावर आला डिसेंबर १९९७ मध्ये, हवा तापवणाऱ्या वायूंचे उत्सर्जन घटवण्यासाठी जपानमधील क्योतो येथे झालेल्या कराराच्या वाटाघाटींत, आणि तेथेच त्याला बगल दिली गेली. ‘क्योतोत लष्कराला सूट मिळाली’ असे सरसकट लिहिले जाते, ते अर्धवट आहे. अमेरिकेच्या आग्रहामुळे दोन गोष्टी ठरल्या : आंतरराष्ट्रीय प्रवासातील जहाजे व विमाने यांचे इंधन, ज्याला बंकर इंधन म्हणतात, देशाच्या उत्सर्जनाच्या एकूण बेरजेत न धरता वेगळे दाखवायचे, आणि संयुक्त राष्ट्रांच्या सनदेनुसार चालणाऱ्या बहुराष्ट्रीय मोहिमांतील उत्सर्जनही त्या बेरजेबाहेर ठेवायचे. देशातल्या छावणीतली वीज किंवा ट्रकचे डिझेल यांना अशी सूट नव्हती. पण गोपनीयतेचे कारण सांगून हे आकडे इतर सदरांत मिसळण्याची मुभा राहिली, त्यामुळे ते बेरजेत असूनही वेगळे दिसेनासे झाले. ज्या देशासाठी ही तडजोड झाली, तो पुढे २००१ मध्ये करारातूनच बाहेर पडला. तडजोड मात्र मागे उरली. २०१५ च्या पॅरिस हवामान कराराने आपोआप मिळणारी सूट संपवली, परंतु लष्करी उत्सर्जन स्वतंत्रपणे कळवणे ऐच्छिकच ठेवले. जगातील सेनादलांचा वाटा एकूण उत्सर्जनाच्या सुमारे ५.५ टक्के असावा, असे अभ्यासकांनी २०२२ मध्ये मांडले. तो अंदाजच आहे, कारण मूळ आकडेच अपुरे आहेत. सुरक्षेचा युक्तिवाद पूर्णपणे फेटाळता येत नाही, कारण इंधनाच्या नोंदींवरून हालचाली ताडता येतात. पण वर्षभराच्या एका बेरजेवरून कोणती तुकडी कुठे गेली हे कळत नाही, आणि तेवढी बेरीज प्रसिद्ध करायला हवी होती.

भारतावर क्योतोचे कपातीचे बंधन नव्हते. आपल्याकडे हा विषय करारातून आला नाही, तो डोंगरांतून आला. १९८४ पासून सियाचीनवर ठाणी टिकवण्यासाठी रॉकेल आणि हेलिकॉप्टरचे इंधन अखंड वर चढवावे लागते. २०१० मध्ये लेह येथील ढगफुटी, २०१३ मध्ये केदारनाथ, २०१६ मध्ये सियाचीनवरील हिमस्खलनात गेलेले दहा जवान, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममध्ये हिमतलाव फुटून तीस्तेला आलेला पूर, ज्यात जवानही वाहून गेले : यांत सैन्य कधी मदतीला धावले, कधी स्वतःच आपत्तीत सापडले.

उपायांची सुरुवात त्याही आधीची आहे. १९८२ मध्ये मसुरीच्या चुनखडी खाणींनी उघडे पडलेले डोंगर पुन्हा झाडांनी झाकण्यासाठी प्रादेशिक सेनेची पहिली पर्यावरण बटालियन उभी राहिली. महाराष्ट्रात, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, अशी बटालियन २०१७ मध्ये आली. त्यानंतर घडामोडी वेगाने झाल्या. डिसेंबर २०१८ मध्ये हवाई दलाच्या एएन-३२ विमानाने जट्रोफाच्या (मोगली एरंडाच्या) बियांपासूनचे जैवइंधन मिसळून उड्डाण केले, आणि पुढच्या प्रजासत्ताक दिनी १० टक्के मिश्रणावर ते संचलनात उडाले. २०२० मध्ये केरळातील एळिमला येथे नौदलाने ३ मेगावॉटचा सौर प्रकल्प सुरू केला. २०२१ मध्ये उत्तर सिक्कीममध्ये सुमारे १६,००० फुटांवर सौर वीज साठवणारी यंत्रणा बसली. २०२३ मध्ये लडाखमधील चुशूल येथे, जिथे हिवाळ्यात पारा उणे तीसपर्यंत उतरतो, डिझेल जनित्रांऐवजी हरित हायड्रोजनवर (सौर किंवा तत्सम विजेने पाण्यातून वेगळ्या केलेल्या हायड्रोजनवर) वीज देण्याचा करार झाला.

२०२२ मध्ये लष्कराने विद्युत वाहनांचे जे नियोजन जाहीर केले, त्यात निवडक पीस स्टेशनांतील, म्हणजे सीमेपासून दूरच्या शांत ठिकाणच्या छावण्यांतील, २५ टक्के हलकी वाहने, ३८ टक्के बस आणि ४८ टक्के मोटारसायकली बदलायच्या होत्या. देवळालीसारख्या ठिकाणी हे जमण्याजोगे आहे : अंतरे ठरलेली, वीज हाताशी, गाड्या रात्री परत येणाऱ्या. मात्र इंधन सर्वाधिक लागते ते लढाऊ विमानांना, युद्धनौकांना आणि उंचावरील ठाण्यांना, आणि त्याचा स्वतंत्र आकडा आपल्या राष्ट्रीय अहवालात आजही येत नाही.